इंग्लंडमधली आमची कौन्सिलची (म्हणजे स्थानिक प्रशासनाची) प्राथमिक शाळा अकॅडमी होणार आहे. पालक गव्हर्नर (शाळेच्या व्यवस्थापन मंडळावरचा पालकांचा प्रतिनिधी) म्हणून मी ठरावाला 'हो' म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की हे खाजगीकरण आहे का, फी लागेल का, आणि पुढच्या महिन्याच्या मतदानात काय करावं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन देतो. फी लागत नाही, लावताच येत नाही. आणि 'खाजगीकरण' या शब्दावर शाळेच्या हॉलमध्ये तीन-तीन तास भांडणं होतात, ती दोन्ही बाजूंनी फुकटची. आपल्याकडची अनुदानित शाळा आठवा: संस्था चालवते, पैसा सरकारचा. अकॅडमी साधारण त्याच जातीची. फरक इतकाच की इथे पैसा कौन्सिलला वगळून थेट लंडनच्या शिक्षण खात्याकडून, ट्रस्टशी केलेल्या करारावर येतो. ट्रस्ट म्हणजे नफा वाटता न येणारी धर्मादाय कंपनी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण प्रश्नच चुकीच्या पद्धतीने मांडला जातो आणि त्याचा मला जुना राग आहे. तुमच्यापुढचा ठराव 'अकॅडमी व्हायचं का' असा लिहिलेला असेल. प्रत्यक्षात तुम्ही ठरवताय ते हे: 'आपलं गव्हर्निंग बोर्ड बरखास्त करून शाळा अमुक एका ट्रस्टच्या हवाली करायची का, आणि तीही परत न घेण्याच्या बोलीवर.' अकॅडमी झालेली शाळा पुन्हा कौन्सिलकडे नेण्याचा रस्ता कायद्यात ठेवलेलाच नाही. ट्रस्ट बुडाला तर शाळा दुसऱ्या ट्रस्टकडे जाते, एवढंच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये वेकफील्ड सिटी अकॅडमीज ट्रस्टने आपल्या सगळ्या २१ शाळा सोडल्या, तेव्हाही त्या इतर ट्रस्टांना वाटल्या गेल्या.

आता क्रम बघा. गव्हर्नरांचा ठराव, मग अर्ज, मग रीजनल डायरेक्टरचा (शिक्षण खात्याच्या विभागीय अधिकाऱ्याचा) निर्णय, मग २०१० च्या अकॅडमीज कायद्याच्या कलम ४ खाली अकॅडमी ऑर्डर, म्हणजे रूपांतराला मंजुरी देणारा आदेश. आणि मग कुठे जमिनीचा नकाशा, भाडेपट्टा, कर्मचारी आणि मालमत्ता हस्तांतराचा करार, पेन्शनचा आकडा हे सगळं टेबलावर यायला लागतं. म्हणजे होकार आधी, हिशोब नंतर. सरकारी मार्गदर्शिकेत हे लपवलेलं नाही, पण ज्या गव्हर्नरांना ती वाचून दाखवली जाते त्यांना असं वाटतं की ठराव झाला म्हणजे संपलं. संपत नाही. फंडिंग ॲग्रीमेंटवर (वर सांगितलेला पैशाचा ट्रस्टशी होणारा करार) मंत्र्यांच्या वतीने सही होईपर्यंत, स्वतःहून निघालेली शाळा मागे फिरू शकते.

मी ज्या बोर्डावर होतो तिथे कागद मागितले की एकच उत्तर मिळायचं: 'ते वकील बघतील.' वकील कागद बघतात, शाळेचं आवार बघत नाहीत. तिथली गोष्ट तपशिलात सांगतो, कारण तुमच्याकडेही तेच होणार.

पहिला कागद जमिनीचा. कौन्सिलची शाळा असेल तर जमीन कौन्सिलच्याच मालकीची राहते आणि ट्रस्टला १२५ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. भाडं नाममात्र, कायद्याच्या भाषेत एक मिरीचा दाणा. (तो दाणा कुणी मागायला येत नाही.) पट्टा सात वर्षांपेक्षा मोठा असल्यामुळे तो लँड रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो, आणि नोंदणीला मोजमापाचा, उत्तर दिशा दाखवणारा, लाल रेघेने हद्द आखलेला नकाशा लागतो. कौन्सिलच्या मालमत्ता विभागातला माणूस हा नकाशा टेबलावर बसून, जुन्या नकाशावरून काढतो. त्या शाळेच्या आवारात एक चिल्ड्रन्स सेंटर (लहान मुलं आणि पालकांसाठीचं केंद्र) होतं. कौन्सिलला ते स्वतःकडे ठेवायचं होतं म्हणून लाल रेघ त्याला वळसा घालून गेली. ठीक. पण त्या सेंटरच्या तळघरात जो बॉयलर होता, तोच शाळेचे सहा वर्ग तापवायचा. गॅसचं मीटर एकच, तेही कौन्सिलच्या नावावर. स्वयंपाकघरात माल आणणारी गाडी ज्या कारपार्कमधून यायची, तो रेघेच्या बाहेर. मागे नंतर उभारलेला लाकडी वर्ग जुन्या नकाशात नव्हताच. आणि केअरटेकरच्या घरात निवृत्त केअरटेकर अजून राहत होते. नोकरीपोटी दिलेलं घर, नोकरी संपलेली, कागद कुठलाच नाही.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. कारपार्कवरून जाण्यायेण्याचा हक्क पट्ट्यात लिहून घ्यायचा. बॉयलरसाठी वेगळा करार करायचा: दुरुस्ती कुणी करायची, खर्च कोणत्या प्रमाणात, सेंटर बंद झालं तर काय. गॅसला उपमीटर बसवायचं. घर पट्ट्यातून वगळायचं किंवा राहणाऱ्याशी रीतसर करार करायचा. पण प्रत्येकाला कौन्सिलच्या वेगळ्या विभागाचं उत्तर लागतं आणि ऑगस्टमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं. रूपांतर महिन्याच्या एक तारखेलाच होतं. १ सप्टेंबर हुकला तर १ ऑक्टोबर, तो हुकला तर १ नोव्हेंबर. तारीख सरकली की नुसती तारीख सरकत नाही. पगाराची व्यवस्था, नवं बँक खातं, वीज-गॅसचे करार, विमा आणि कर्मचाऱ्यांना दिलेली पत्रं, सगळं त्या एका तारखेला बांधलेलं असतं. तिथे ती तीनदा सरकली, आणि प्रत्येक वेळी वकिलांचं बिल शाळेच्या बजेटमधून वाढलं.

पूर्वी निदान या खर्चाला सरकारचे २५,००० पौंड मिळायचे. ते जानेवारी २०२५ पासून बंद झाले. शिवाय काही कौन्सिलं आपल्या बाजूचा कायदेशीर खर्चही शाळेकडून वसूल करतात. कोण देणार, शाळा की ट्रस्ट, हे ठरावाआधी लेखी घ्या.

म्हणून नकाशाचा मसुदा आला की तो हातात घेऊन बिझनेस मॅनेजर आणि केअरटेकर यांच्याबरोबर आवाराला एक चक्कर मारा. एक तास पुरतो. कुंपण कुठे, रेघ कुठे, पाणी-गॅस-वीज कुठून येते, सांडपाणी कुणाच्या जमिनीखालून जातं, लोक मैदानातून शॉर्टकट मारतात का. ॲस्बेस्टॉसची नोंदवही (इमारतीत ते घातक साहित्य कुठे आहे याची) त्याच चकरेत बघून घ्या. रूपांतरानंतर ती जबाबदारी ट्रस्टची होते आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' चालत नाही.

दुसरा कागद पेन्शनचा. शिक्षकांची योजना देशभर एकच असते, मालकाचा वाटा एप्रिल २०२४ पासून २८.६८ टक्के, अकॅडमी असो वा नसो. घोळ होतो तो बाकीच्यांचा: टीए (वर्गातले मदतनीस), ऑफिस, डिनर लेडीज (दुपारचं जेवण वाढणाऱ्या), केअरटेकर. ते स्थानिक सरकारी पेन्शन योजनेत असतात आणि शाळा अकॅडमी झाली की त्यांच्यासाठी फंडाचा ॲक्चुअरी (पेन्शनचा हिशोब मांडणारा तज्ज्ञ) नवा दर काढतो. विचारा: दर किती, तो ट्रस्टच्या सगळ्या शाळांना मिळून एकच आहे की आपल्या शाळेपुरता, आणि जुनी तूट असेल तर ती कोणत्या पद्धतीने वाटली. या कर्मचाऱ्यांचा पगार वर्षाला ४ लाख पौंड असेल आणि दर तीन टक्क्यांनी वाढला, तर १२,००० पौंड गेले, म्हणजे अर्धवेळ टीएची एक जागा. हल्ली बऱ्याच फंडांत तुटीऐवजी शिल्लक आहे, त्यामुळे दर उतरूही शकतो. पण आकडा बघितल्याशिवाय दोन्ही गोष्टी गप्पाच.

याच खात्यात कर्मचाऱ्यांचं हस्तांतर येतं. कौन्सिलच्या शाळेत मालक कौन्सिल असते, त्यामुळे युनियनशी सल्लामसलत करण्याचं काम तिचं, आणि आपण काय बदलणार हे नव्या मालकाने, म्हणजे ट्रस्टने, तिला लेखी कळवायचं. ही सल्लामसलत वेगळी, आणि त्याच २०१० च्या कायद्याच्या कलम ५ खाली 'रूपांतर व्हावं का' म्हणून पालकांशी वगैरे करायची ती वेगळी. दोन्ही एकाच सभेत उरकल्या की युनियनला आयता मुद्दा मिळतो. पालकांच्या सल्लामसलतीला किमान मुदत कायद्यात नाही. चार ते सहा आठवडे, शाळा चालू असताना, असा प्रघात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेली मला तरी लबाडी वाटते.

तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो वकीलही फारसा बघत नाहीत: ट्रस्टची स्कीम ऑफ डेलिगेशन. हेडची नेमणूक कोण करणार, बजेट कोण मंजूर करणार, शिल्लक कोणाची, हे त्यात असतं. तुमचं बोर्ड उद्या 'लोकल गव्हर्निंग बॉडी' होईल, म्हणजे ट्रस्टची एक समिती. ट्रस्ट ती कधीही बदलू किंवा बंद करू शकतो. पालकांचं म्हणाल, तर एकतर प्रत्येक शाळेच्या समितीवर किमान दोन, नाहीतर संपूर्ण ट्रस्टच्या बोर्डावर मिळून किमान दोन. ट्रस्टने दुसरी वाट धरली आणि त्याच्या वीस शाळा असल्या, तर तुमच्या शाळेचा पालक कुठेच नाही.

पैशाबद्दल: ट्रस्ट शाळेच्या अनुदानातून आपला हिस्सा कापतो, साधारण ५ टक्क्यांच्या आसपास. १५ लाख पौंडांच्या शाळेला ७५,०००. हे ऐकून लगेच चिडू नका. आज कौन्सिलला पगार, एचआर, कायदेशीर सल्ला यांसाठी जे देता ते सगळं एका कागदावर मांडा आणि ट्रस्ट त्यातलं काय देणार ते समोर लिहा. काही शाळांचं खरंच भलं होतं. पण काही ट्रस्ट सगळ्या शाळांचं अनुदान एकत्र करून स्वतः वाटतात, आणि ते नियमात बसतं. तुम्ही काटकसर करून साठवलेली शिल्लक मग 'आपली' राहत नाही. इमारतीचंही विचारा: किमान ५ शाळा आणि किमान ३,००० मुलं असलेल्या ट्रस्टला दुरुस्तीसाठी ठरावीक वार्षिक निधी मिळतो. त्याहून लहान ट्रस्टच्या शाळांना दरवर्षी अर्ज करून स्पर्धेत उतरावं लागतं. छप्पर गळत असेल तर हा फरक फार मोठा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अकॅडमी नाहीतच. चर्चची शाळा असेल तर जमीन बहुधा चर्चच्या विश्वस्तांची, १२५ वर्षांचा पट्टा नाही आणि डायोसीसच्या (चर्चच्या विभागीय प्रशासनाच्या) संमतीशिवाय पान हलत नाही. इमारत पीएफआयची (खाजगी कंपनीने बांधून दीर्घ कराराने दिलेली) असेल तर वेळेचा अंदाज दुप्पट धरा. शाळेवर तूट असेल तर स्वेच्छेने जाणाऱ्या शाळेबरोबर तीही जाते. आणि अकॅडमीतल्या शिक्षकांना पगाराची राष्ट्रीय चौकट लागू नाही, राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळायची सक्ती नाही, असं जुन्या लेखांत वाचाल ते तसंच धरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेलं विधेयक नेमकं हेच बदलायला निघालं, तेव्हा त्याची आजची स्थिती तपासून घ्या.

तर मत काय द्यायचं? शाळा लहान असेल, एकटी पडली असेल, हेड मिळत नसेल आणि ट्रस्ट जवळचा व चांगला असेल, तर मी 'हो' म्हणेन. हे तीन कागद न बघता मात्र नाही. सभेची कागदपत्रं पूर्ण सात दिवस आधी मिळणं हा तुमचा हक्क आहे. ऐनवेळी टेबलावर ठेवली तर ठराव पुढे ढकलायला सांगा आणि तुमचं म्हणणं मिनिट्समध्ये नाव घालून लिहून घ्या. अध्यक्ष नवी सभा बोलवायला टाळाटाळ करत असतील तर कोणतेही तीन गव्हर्नर लेखी मागणी करून ती बोलवू शकतात. आजपासूनच आणखी दोघं शोधायला लागा.