जॉब रनिंग दाखवतो पण आउटपुट फाईल रिकामी, टर्मिनलवरून चालू आउटपुट बघायचं कसं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या क्लस्टरवर (जोडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांवर, जिथं स्लर्म नावाचा शेड्युलर जॉब रांगेत लावतो) एसबॅच या जॉब टाकायच्या कमांडनं पायथनचा जॉब टाकला, एसक्यू या रांग दाखवणाऱ्या कमांडमध्ये रनिंग दिसून राहिला, पण अर्धा दिवस झाला तरी आउटपुट फाईल शून्य बाइटचीच आहे, मग जॉब खरंच चालू आहे का नुसताच बसलाय ते कसं कळणार. मी इथे नागपुरातच एका संस्थेचं छोटं क्लस्टर बघतो, हा प्रश्न दर सेमिस्टरला येतोच येतो, म्हणून जरा पसरट लिहितो. बहुतेक वेळा जॉब मस्त चालू असतो बाप्पा, छापलेलं फक्त फाईलपर्यंत पोचलेलं नसतं.

आधी फाईल बरोबर तीच बघताय ना ते बघा. स्लर्ममध्ये काहीच सांगितलं नाही तर ज्या फोल्डरमध्ये उभं राहून एसबॅच मारलं तिथंच स्लर्म, डॅश, जॉब नंबर, डॉट आउट अशी फाईल बनते, आणि एररही त्याच फाईलमध्ये पडतात. पोरं होम फोल्डरमधून जॉब टाकतात आणि शोधतात स्क्रॅचमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या जागेत. शंका असेल तर 'एसकंट्रोल शो जॉब ४१२७' मारा (तुमचा नंबर टाका, आणि टाईप अर्थातच इंग्रजीत करा), खालच्या बाजूला एसटीडीआउट म्हणून ओळ येते त्यात पूर्ण पाथ असतो. जॉब संपून थोडा वेळ झाला की एसकंट्रोल त्याला विसरतो, डीफॉल्ट सेटिंग ३०० सेकंदांचं आहे, त्यानंतर एसअकाउंटला, म्हणजे जुन्या जॉबांची नोंद दाखवणाऱ्या कमांडला, विचारायचं आणि फॉरमॅटमध्ये वर्कडिर (जॉब टाकला ते फोल्डर) मागायचं, पुढे टक्का ८० लावून, नाहीतर पाथ अर्धाच कापून दाखवतं.

आता फाईल बरोबर आहे तरी रिकामी आहे, तर हे बफरचं काम. प्रोग्राम टर्मिनलवर लिहीत असला की प्रत्येक ओळ लगेच दिसते, पण तोच प्रोग्राम फाईलमध्ये लिहायला लागला की साठवून साठवून एकदम टाकतो. बर्डीवरची शेअर ऑटो कशी सीटा भरल्याशिवाय हलत नाही, तसं. पायथनमध्ये हा साठा निदान ८ केबीचा, म्हणजे ८१९२ बाइट, शेअर्ड स्टोरेजवर याहून मोठाही असू शकतो. हिशोब करून बघा, तुमची ओळ 'इपॉक १२ लॉस ०.३४' छापाची (इपॉक म्हणजे मॉडेलच्या ट्रेनिंगची एक फेरी), धरा ३० अक्षरं, तर साठा भरायला २७० च्या वर ओळी लागतात, आणि एका इपॉकला दोन मिनिटं लागत असतील तर नऊ तास फाईलमध्ये एक अक्षर दिसणार नाही. मग माणूस घाबरून जॉब मारून टाकतो, आणि इथंच खरं नुकसान होतं, कारण जॉब मारणारी एसकॅन्सल कमांड आधी टर्म सिग्नल, म्हणजे 'आता थांब' असा निरोप, पाठवते, पायथन त्यावर तसाच मरतो, साठ्यातलं फाईलमध्ये उतरवत नाही. टाईम लिमिट संपून जॉब गेला तरी हेच.

उपाय सोपा आहे, जॉब स्क्रिप्टमध्ये पायथनच्या पुढे डॅश यू लावा, छोटा यू. किंवा वरच पायथनअनबफर्ड हा व्हेरिएबल १ करून एक्सपोर्ट करा, मग आतल्या सगळ्या स्क्रिप्टांना लागू होतं. मोजकीच प्रिंट असतील तर त्यातच फ्लश बरोबर ट्रू लिहिलं तरी चालतं. सीचा प्रोग्राम असेल तर त्याच्या आधी 'एसटीडीबफ डॅश ओएल' (ओ छोटा, एल मोठा) लावून बघा, पण ते पायथन ३ वर चालत नाही, खूप जण तेच लावून बसतात आणि मग म्हणतात काहून नाही होऊन राहिलं. सध्या चालू असलेल्या जॉबला मात्र हे बाहेरून लावता येत नाही, त्याला तसंच चालू द्या. तो चेकपॉइंट, म्हणजे मधूनमधून आतापर्यंतचं काम, फाईलमध्ये सेव्ह करत असेल तर त्या फाईलची वेळ 'एलएस डॅश एल'नं बघत रहा, वेळ पुढे सरकली म्हणजे जॉब जिवंत आहे.

बघायला सगळे 'टेल डॅश एफ' सांगतात, वाईट नाही. मला 'लेस प्लस एफ' (मोठा एफ) जास्त आवडतं. तेही चालू आउटपुट दाखवत राहतं, पण कंट्रोल सी दाबलं की थांबतं, मग वर जाऊन स्लॅश मारून एरर शोधा, आणि परत मोठा एफ दाबला की पुढचं सुरू. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, वायफाय पडलं, टर्मिनल तुटलं तरी काही फरक पडत नाही, जॉब शेड्युलरच्या ताब्यात असतो, तुम्ही फक्त खिडकीतून बघत होता. परत लॉगिन करा, परत लेस.

ॲरे जॉब (एकाच स्क्रिप्टचे बरेच टास्क एकदम टाकलेले) असेल तर पन्नास फाईली एकेक उघडू नका, 'टेल डॅश एन २' देऊन पुढे स्टार लावा, प्रत्येक फाईलच्या नावाखाली शेवटच्या दोन ओळी येतात, कोणता टास्क अडकलाय ते एका नजरेत कळतं. टीक्यूडीएमसारखा प्रोग्रेस बार लॉगमध्ये नुसता कचरा करतो, बॅच जॉबमध्ये तो बंदच ठेवा. आणि हात जोडून सांगतो, वॉच या परत परत कमांड चालवणाऱ्या कमांडमध्ये एसक्यू घालून दर सेकंदाला चालवू नका, तीस पोरांनी तसं केलं की शेड्युलर रडायला लागतो, अर्ध्या मिनिटाला एकदा भरपूर झालं.

अजून एक, आउटपुटसाठी लॉग्स असं फोल्डर लिहिलं आणि ते बनवलंच नाही, तर स्लर्म ते स्वतःहून बनवत नाही, जॉब लगेच फेल होतो आणि कुठं काही लिहिलेलंही सापडत नाही. एमकेडिर आधी, एसबॅच नंतर.

तुमच्याकडे स्लर्मऐवजी पीबीएस हा दुसरा शेड्युलर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं आउटपुट बहुधा जॉब संपेपर्यंत तो चालतो त्या नोडच्या (क्लस्टरमधल्या एका कॉम्प्युटरच्या) स्पूलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फोल्डरमध्येच राहतं आणि शेवटी तुमच्या फोल्डरमध्ये कॉपी होतं, त्यामुळे डॅश यू लावूनही काही दिसणार नाही. नव्या पीबीएसमध्ये जॉब टाकताना 'क्यूसब डॅश के ओईडी' दिलं की थेट तुमच्या फाईलमध्ये लिहिलं जातं. तेही चालत नसेल तर जॉब स्क्रिप्टमध्येच कमांडच्या पुढे 'पेक्षा मोठं'चं चिन्ह (>) टाकून स्वतःच्या फाईलमध्ये वळवा, सोबत '२>&१' लावायला विसरू नका, नाहीतर एरर परत त्या स्पूलमध्येच जाऊन बसतील.