२०२० मध्ये वेल्सच्या सुपरमार्केटमध्ये कपडे, किटल्या विकायला बंदी का होती? लोक एवढे का चिडले?

२३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबरच्या टाळेबंदीत कपड्यांची, खेळण्यांची छोटी दुकानं बंद होती. मग तोच माल सुपरमार्केटने विकणं अन्यायाचं, असं सरकारचं म्हणणं. तर्क चुकीचा नव्हता. घोळ अंमलबजावणीत झाला. शेल्फांवर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्ट्या लावल्या, पण ‘अत्यावश्यक’ काय हे गल्ल्यावरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं. एका दुकानात तर सॅनिटरी पॅडची शेल्फंच बंद दिसली! (त्यावर बंदी नव्हतीच; दुकानाच्या म्हणण्यानुसार ती चोरीच्या तपासामुळे बंद होती.) शिवाय ऑनलाइन सगळं मिळत होतं, म्हणजे गल्लीतल्या दुकानदाराला फायदा शून्य. सेनेडकडे (वेल्सच्या संसदेकडे) केलेल्या बंदीविरोधी याचिकेवर ६७,००० हून अधिक सह्या झाल्या. शेवटी खरी निकड असेल तर वस्तू द्या, अशी मुभा दुकानांना मिळाली.