सिग्निफिकंट फरक म्हणजे 'लक्षणीय फरक' का?

प्रश्न असा आलाय: चहाच्या एका ब्रँडसाठी दोन गटांना दोन वेगवेगळे मेसेज पाठवले, कुणी किती ऑर्डरी दिल्या ते मोजलं, आता रिपोर्ट मराठीत लिहायचाय, तर 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट डिफरन्स'ला 'लक्षणीय फरक' म्हणावं का, आणि नल हायपोथेसिसला (म्हणजे 'दोन्ही मेसेजमध्ये काही फरक नाही' या तपासून बघायच्या विधानाला) 'शून्य गृहीतक' चालेल का.

लक्षणीय नको, असं माझं स्पष्ट मत. व्युत्पत्ती बघितली तर खरं म्हणजे छान जुळतं, कारण सिग्निफिकंटच्या मुळाशी लॅटिनमधलं 'खूण' आहे आणि लक्षण म्हणजेही खूणच, पण आज आपण 'विक्रीत लक्षणीय वाढ' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला 'भरपूर' एवढंच कळतं. आणि संख्याशास्त्रातली चाचणी, जी फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का एवढंच बघते, ती 'भरपूर' असं काही सांगतच नाही.

आकडे घेऊन बघा. समजा प्रत्येक गटात १,००० जण, पहिल्या मेसेजवर ५० ऑर्डरी, दुसऱ्यावर ६५. क्लायंट म्हणेल अहो ३० टक्के जास्त, लक्षणीयच की! पण गणित केलं तर दोन्ही मेसेज अगदी सारखे असते तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण १५ वेळा दिसला असता, म्हणजे नेहमीच्या ५ टक्क्यांच्या पातळीवर (शंभरात ५ वेळांहून कमी दिसला असता तरच सिग्निफिकंट) हा सिग्निफिकंट नाही. आता गट १ लाखाचे करा, ऑर्डरी ५,००० आणि ५,२००. इथे मेसेज सारखे असते तर एवढा फरक योगायोगाने शंभरात जेमतेम ४ वेळा दिसला असता, म्हणून फरक सिग्निफिकंट, पण लाखामागे फक्त २०० ऑर्डरी जास्त! दुसरा मेसेज पाठवायचा खर्च थोडा जरी जास्त असेल तर क्लायंट हात जोडेल. म्हणजे पहिला फरक लक्षणीय पण सिग्निफिकंट नाही, दुसरा सिग्निफिकंट पण लक्षणीय नाही, मग एकच शब्द दोन्हीकडे वापरून कसं चालेल?

शिक्षणशास्त्राच्या मराठी प्रबंधांत 'सार्थ फरक', '०.०५ सार्थकता स्तर' असं लिहितात, तो शब्द मला आवडतो. पोथीच्या नावात 'सार्थ' असलं की अर्थासकट, तसाच हा फरक, त्याला काहीतरी अर्थ आहे, नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. किती मोठा ते 'सार्थ' सांगत नाही आणि तेच हवंय. क्लायंटला जड वाटेल असं वाटत असेल तर सरळ 'दोन्ही मेसेज सारखेच असते तर एवढा फरक योगायोगाने क्वचितच दिसला असता' असं लिहा आणि शेजारी फरकाचा आकडा द्या. (याची काटेकोर व्याख्या आणखी लांबलचक आहे, ती तळटीपेत टाका.)

आता गृहीतक. शाळेच्या भूमितीत युक्लिडची गृहीतकं शिकलो ती सिद्ध न करता मानून चालायची होती, इथे तर तपासायलाच बसलोय, म्हणून 'परिकल्पना' बरं. 'शून्य'वर काही जण नाक मुरडतात, कारण १९३५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरने नल हा शब्द रूढ केला तो 'खोडून काढण्यासाठी मांडलेली' अशा अर्थाने, झिरो म्हणून नव्हे. तक्रार बरोबर आहे, पण दोन गटांच्या तुलनेत ती परिकल्पना 'फरक शून्य' अशीच असते, त्यामुळे तुमच्या रिपोर्टात 'शून्य परिकल्पना' बिनधास्त लिहा. फक्त ती खोडता आली नाही तर 'दोन्ही मेसेज सारखेच आहेत हे सिद्ध झालं' असं लिहू नका, पुराव्याअभावी सुटलेला माणूस निर्दोषच असतो असं नाही ना.

कंट्रोल ग्रुपला (ज्याच्याशी तुलना करायची त्या गटाला) 'नियंत्रित गट' म्हणतात तेही मला खटकतं, वाटतं त्या लोकांवर पहारा बसवलाय. 'तुलनेचा गट' म्हणा.

आणि ऑर्डर दिली की नाही याऐवजी सरासरी खर्चाची तुलना केलीत तर टी-टेस्ट येईल. तिचं मूळ गिनेसच्या डब्लिनमधल्या बिअर कारखान्यात, तिथल्या गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ती पद्धत छापली. पण चहावाल्या क्लायंटच्या रिपोर्टात नुसतं 'टी-चाचणी' लिहिलंत तर तो विचारणार, कप कुठायत?