मोजणी कोणती मागायची?

प्रश्न : नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या ले-आउटमध्ये आमचा 30 बाय 50 फुटांचा प्लॉट आहे. शेजारी कॉलम उभे राहिले, तेव्हा ते आमच्याकडे सरकल्याची शंका आली. खासगी सर्व्हेअरकडून मोजून घेतलं, तर रुंदी साडेअठ्ठावीस फूटच भरली. शेजारी म्हणतात, हा नकाशा आम्ही मानत नाही. आता काय करावं? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या सर्व्हेअरने टोटल स्टेशनवर (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) काम नीट केलं असेल, पण त्याने मोजलं ते जागेवर आज जे उभं आहे ते. दीड फूट कमी आहे एवढं कळलं. तो कोणत्या बाजूला गेला हे कळलं नाही. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, असताना असे ले-आउट पाहिलेत, जिथे कोपऱ्यावरच्या पहिल्या माणसाने कुंपण फूटभर आत घेतलं आणि पुढची अख्खी रांग सरकत गेली. शेजाऱ्यांचे कॉलम बरोबर असतील आणि तुमची जागा पलीकडच्या भिंतीने खाल्ली असेल, हेही शक्य आहे.

तुम्हाला हवी ती हद्द कायम मोजणी, म्हणजे सरकारी अभिलेखातली हद्द जागेवर दाखवणारी मोजणी. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे, सातबारा असेल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे, म्हणजे लोक ज्याला अजून टीएलआर ऑफिस म्हणतात तिथे. अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन भरता येतो. डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार उरलेत. बांधकाम सुरू आहे, तेव्हा द्रुतगतीचे जास्तीचे पैसे भरा.

त्याआधी रजिस्ट्री काढून बसा आणि ले-आउट मंजूर आहे का ते पाहा. तो नसेल, तर भूमी अभिलेखाच्या नकाशात तुमचा प्लॉट सापडणारच नाही; सापडेल ती फक्त खसऱ्याची, म्हणजे मूळ सर्व्हे नंबरची, बाहेरची हद्द. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित होऊन नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालेलं असेल, तर त्यासोबतचा नकाशा धरून डिमार्केशन (हद्दीची आखणी) नासुप्रकडेच मागा. नागपुरात या एका गोष्टीपायी लोक चुकीच्या ऑफिसात महिनेन् महिने घालवतात. त्यात म्हातारी माणसं जास्त असतात, याचं फार वाईट वाटतं.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक तुमच्या प्लॉटवर न थांबता दूर निघून गेला तर अस्वस्थ होऊ नका. तो जुनी विहीर, शिवेचा दगड, तीन खसरे मिळतात तो कोपरा असं काहीतरी न हललेलं शोधतो आणि तिथून तुमच्यापर्यंत येतो. ही शोधाशोध हेच मोजणीचं खरं काम आहे. तिला वेळ द्या. जो प्लॉटच्याच कुंपणाला मशीन लावून अर्ध्या तासात निघतो, त्याच्या खुणांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. लगतच्या धारकांना नोटीस गेली का, ते विचारा. जबाब वाचूनच सही करा. नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. तिच्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. या दोन रेषांमधली पट्टी म्हणजे तुमचा वाद. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, ती वरचा अधिकारी करतो.

एक लक्षात घ्या, अतिक्रमण काढणं भूकरमापकाच्या हातात नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. मोजणीची वाट न पाहता वकिलांना भेटून मनाई हुकमाचं विचारा. स्लॅब पडल्यावर तडजोडही महाग जाते.

प्रश्न : कळमेश्वर तालुक्यात वडिलांची पाच एकर संत्र्याची बाग आहे. सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावं आहेत. हद्द कायम मोजणी केली की वाटणी होईल का? – एक शेतकरी

उत्तर : नाही भाऊ. ती पाच एकरांची बाहेरची हद्द दाखवेल, तुमचे आतले हिस्से नाही. तुम्हाला पोटहिस्सा मोजणी लागेल. तिघं राजी असाल तर महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. एकाचाही नकार असेल तर दिवाणी दावा, आणि हुकूमनाम्यावरून कोर्ट वाटप मोजणी. विहीर, पाण्याची पाळी आणि जाण्यायेण्याची वाट आधी बसून ठरवा. भावाभावांत कोर्टाची पायरी चढली जाते ती बहुधा वाटेवरून. बागेत रोव्हरला (उपग्रहाच्या सिग्नलवर चालणाऱ्या मोजणी यंत्राला) झाडांखाली सिग्नल नीट मिळत नाही, म्हणून बांधावरच्या फांद्या आणि काटेरी झुडपं आधी साफ करून ठेवा.

प्रश्न : हिंगण्याकडे उताराच्या जागेवर घर बांधतोय. आर्किटेक्ट कंटूर सर्व्हे मागतात. सरकारी मोजणी झालेली आहे, मग हा कशाला? – एक वाचक

उत्तर : सरकारी मोजणीत हद्द आणि क्षेत्र मिळतं, चढउतार मिळत नाही. नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभाजवळ समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेला जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण आहे. तशीच उंची तुमच्या जागेवर ठिकठिकाणी घेऊन समान उंचीच्या रेषा काढतात. हे काम खासगी सर्व्हेअर करतो. जोतं किती उचलायचं, पावसाचं पाणी कुठून काढायचं, भराव किती लागेल, हे त्यावरून ठरतं. शक्यतो पावसाळ्याआधी, गवत वाढायच्या आत करून घ्या, आणि सर्व्हेअरला नाल्याची पातळीही घ्यायला सांगा.