क्राइस्टचर्चचा हिवाळा अन जुलैतला कूलर

तर तू विचारलं की जूनमधे न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला राहायला येणार, सोबत बायको आणि ३ वर्षांची मुलगी, घर भाड्यानं घेणार, हिवाळ्यात वीजबिलानं कंबरडं मोडते म्हणतात ते खरं काय, भिंतीला बुरशी धरते काय, आणि नागपूरच्या बर्डी बाजारातून एक हीटर घेऊन येऊ का. शेवटचं आधी सांगते भाऊ, हीटर आणू नको. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे पण प्लगच्या पिना वेगळ्या, अन तेवढ्या वजनात सावजी मसाला येतो न, तो आण, फक्त विमानतळावर डिक्लेअर करायचं विसरू नको, खाण्यापिण्याच्या बाबतीत इथले लोक फार कडक.

बुरशी धरते का? धरते बाप्पा. आम्ही आलो तेव्हा जुलै होता, बेडचे पैसे वाचवायचे म्हणून गादी सरळ कार्पेटवर टाकली, नागपूरच्या महाल भागातल्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर टाकायचो तशीच. तीन आठवड्यांनी उभी करून पाहिली तर खालून ओली गच्च, अन मधोमध काळे हिरवे ठिपके, नवऱ्याचा खांदा कुठे अन माझी कंबर कुठे ते ओळखू यावं इतके साफ उमटलेले. अंगाची वाफ रात्रभर गादीतून खाली जाते, जमीन थंड, तिथं पाणी होते अन खालून हवा नाही. गादी फेकली, जेवढे वाचवले त्याच्या दुप्पट गेले. तू बाकी काही नाही घेतलं तरी चालेल, पण पहिल्या दिवशी पट्ट्यांचा बेड घे, जुना घे, पण घे.

आता मुद्द्याचं. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ वर गेला होता आठवते? आपण स्वेटर, मफलर, शेकोटी केली अन चार दिवसांत विषय संपला, कारण आपली थंडी कोरडी असते. इथं जुलैत दिवसा १०-११, रात्री शून्याच्या आसपास, कधी खालीही, अन हे तीन महिने. त्यात घर बंद. नागपुरात मे महिन्यात कूलर किती मस्त चालते अन तोच कूलर जुलैत लावला की नुसती चिकचिक, हे तुला मी काय सांगू. इथल्या बंद घरात तो जुलैतला कूलर चोवीस तास चालूच असते असं समज, फक्त पाणी आपण स्वतःच घालून राहतो. वरणभाताच्या कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची आंघोळ, चार माणसांचा श्वास, अन सगळ्यात मोठा चोर म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे, मशीनच्या एका खेपेतून ५ लिटरपर्यंत पाणी हवेत जाते. ते पाणी कुठं जाईल? खिडकीच्या काचेवर, कपाटामागच्या भिंतीवर, माझ्या पैठणीवर (हो, तिच्यावरही बुरशी आली, ते दुःख वेगळं).

म्हणून आधी घर कोरडं कर, मग गरम कर. नवीन माणूस उलटं करते, दारं खिडक्या घट्ट लावून हीटर फुल्ल, मग गरम ओली हवा थंड कोपरा शोधून तिथं पाणी सोडते. रोज सकाळी दहा पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघड, थंडी वाजली तरी उघड. काचेवरचं पाणी पुसून तो फडका बाहेर वाळव, घरात नको, नाहीतर पुसून काय फायदा. स्वैपाक करताना भांड्यावर झाकण अन गॅसवरचा पंखा चालू, पण तो पंखा हवा बाहेर फेकते की तिथल्या तिथंच फिरवते ते बघून घे. कपडे बाहेर, पाऊस असला तर गॅरेजमधे.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणारं मशीन, सेकंडहँड घेतला तरी चालते. आमचा पहिल्या रात्री २ लिटरची टाकी भरून सकाळी बीप बीप करत होता, नवरा ते पाणी बघून म्हणे हे सगळं आपल्या फुफ्फुसात होतं काय. खोल्या फारच थंड राहत असतील तर डेसिकंटवाला (ओल शोषणाऱ्या पदार्थाचा) घे, कॉम्प्रेसरवाला (फ्रिजसारखा) गारठ्यात कमी पाणी काढते. सोबत एक छोटा आर्द्रता मीटर घे, ६५ टक्क्यांच्या वर आकडा गेला की खिडकी उघडायची, वाद नाही.

बिलाचं. प्लगचा हीटर २ किलोवॅटचा, ५ तास लावला की १० युनिट गेले. तेवढीच ऊब हीट पंप साधारण ३-४ युनिटमधे देते, कारण तो ऊब तयार करत नाही, बाहेरची आत ओढते. म्हणजे आपला एसीच, उलटा चालणारा. मोड ऑटोवर नको, हीटवर ठेव, २०-२१ पुरे, ३० केल्यानं घर लवकर तापत नाही, नागपुरात एसी १६ वर ठेवणाऱ्यांची जात तीच. दंव पडलं की तो मधेच थांबते, बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवत असते, बिघडला समजून घरमालकाला फोन लावू नको (मी लावला होता). फिल्टर मात्र धूत जा. रात्री तुम्हा दोघांना इलेक्ट्रिक ब्लँकेट, शंभरेक वॅट खाते फक्त, मुलीला नको, तिचं अंथरूण झोपायच्या आधी गरम पाण्याच्या पिशवीनं तापव अन पिशवी काढून घे. बाटलीच्या गॅसचा बिनचिमणीचा हीटर कोणी फुकट दिला तरी घेऊ नको, तासाला अर्धा-एक लिटर पाणी घरात सोडते, अन विषारी वायूचा धोका वेगळा. वीज कंपनी निवडताना पॉवरस्विचसारख्या दर दाखवणाऱ्या वेबसाइटवर तुलना कर, रात्री स्वस्त असणारे प्लान मिळतात.

अन घर निवडतानाच अर्धं काम होते. हेल्दी होम्स नावाचे नियम आहेत, १ जुलै २०२५ पासून सगळ्या भाड्याच्या घरांना लागू, त्यात मुख्य खोलीत १८ डिग्रीपर्यंत तापवणारा पक्का हीटर, छताला इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर), स्वैपाकघर बाथरूमला एक्झॉस्ट हे पाहिजेच. करारासोबत त्याचा कागद माग. पण नीट वाच, हीटर मुख्य खोलीतच, बेडरूमचं बंधन नाही, तेव्हा मुलगी कुठं झोपेल ते आधी ठरव. आणखी एक, इथं सूर्य उत्तरेकडून येते. नागपुरात आपण पश्चिमेची भिंत टाळतो, इथं उत्तरेच्या खिडक्या शोधायच्या, वास्तूवाले उत्तर उत्तर करतात ते इथं खरंच कामाला येते. दिवसा पडदे उघडे, चार वाजता बंद, अन पडदे जमिनीपर्यंत लांब, अस्तरवाले. जुन्या सामानाच्या दुकानात मिळतात, आमचे दोन खोल्यांचे दोन वेगळ्या रंगाचे आहेत, कोण बघते.

घर बघायला गेला की एजंट बोलत असताना तू बेडरूमचं कपाट उघडून आत नाक घाल. ताज्या पेंटचा वास फक्त एकाच कोपऱ्यात आला तर तिथं हात लावून पाहा.