कायदा-सल्ला: सुटका नाकारली, आता सुप्रीम कोर्टाची परवानगी

प्रश्न: माझे थोरले बंधू जन्मठेपेत येरवड्याला आहेत. खटला सोलापूरच्या सत्र न्यायालयात चालला. माफीचे (शिक्षेत सूट म्हणून मिळालेले) दिवस न धरता १६ वर्षं भोगून झाली. मुदतपूर्व सुटका शासनाने नाकारली, त्या नकाराविरुद्धची रिट याचिकाही हायकोर्टाने फेटाळली. दिल्लीला आधी परवानगी काढावी लागते, असं वकील म्हणतात. म्हणजे काय? आमची शेती कोरडवाहू, खर्च झेपणारा नाही. – एक बहीण, बार्शी

उत्तर: ताई, ही परवानगी घटनेच्या कलम १३६ खाली मागतात. विशेष अनुमती याचिका म्हणतात ती हीच. प्रकरण ऐकण्याजोगं आहे का, एवढंच कोर्ट आधी पाहतं आणि पुष्कळ याचिका पहिल्याच तारखेला काही मिनिटांत निकाली निघतात. म्हणून मुख्य मुद्दा याचिकेच्या पहिल्या पानावरच हवा.

तो मुद्दा ‘भावाने गुन्हा केला नाही’ हा नव्हे. घरच्यांना तेच सांगावंसं वाटतं, पण शिक्षेचं अपील वेगळं आणि ही वाट वेगळी. इथे विचारायचं ते हे: नकाराला कारण काय दिलं? ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथेच बोट ठेवा. गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता, तुरुंगातली वागणूक, आणखी डांबून ठेवून काय साधणार, कुटुंबाची स्थिती, हे सगळं तपासायला हवं असं सुप्रीम कोर्टाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० साली सांगितलं. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत शासन सुटकेआधी मागवतं, ते सोलापूरच्या न्यायाधीशांनी दिलेलं मतही वाचा. नुसतं ‘शिफारस नाही’ असं त्रोटक मत पुरत नाही, हे २०२२ च्या राम चंदर निकालात आहे. शिवाय नियम कोणते लावले? शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागतं, नंतरचं धोरण जास्त सवलतीचं असेल तर त्याचा लाभ मागता येतो. महाराष्ट्रात १९९२ आणि २०१० च्या नियमांत हीच गफलत होते, आणि कैदी चुकीच्या प्रवर्गात (गुन्ह्यानुसार भोगायच्या वर्षांच्या गटात) बसला की वर्षं वाढतात.

मुदत हायकोर्टाच्या आदेशापासून ९० दिवस. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण नकलेचा अर्ज लगेच केला असेल तरच त्याचा खरा उपयोग. आदेश मुंबईत झाला की कोल्हापूरला ते पाहा, नक्कल तिथूनच मिळेल. (सोलापूर जिल्ह्यासाठी हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे तिथलं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं.) उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि कोणता कागद कोणत्या तारखेला हातात आला, ते पुराव्यासह लिहा. ‘गरिबीमुळे उशीर’ एवढं मोघम लिहू नका.

कागद असे: शासनाचा नकार, न्यायाधीशांचं मत, कारागृहाचा अहवाल, किती शिक्षा भोगली त्याचा दाखला, रिटची प्रत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. याच कामात आठवडे जातात, तेव्हा नकलेची वाट न पाहता ते आधी सुरू करा. हायकोर्टापुढे नव्हतं असं काही नवीन घुसडू नका. वकीलपत्रावर भावाची सही कारागृह अधिकाऱ्यासमोर होते.

खर्चाची काळजी सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भावाने अधीक्षकांमार्फत सुप्रीम कोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा आणि त्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा. तुम्ही सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

याचिका मान्य झाली तरी भाऊ थेट घरी येईलच असं नाही. बहुधा कोर्ट नकार रद्द करून शासनाला फेरविचार करायला सांगतं. फेटाळली तर ३० दिवसांत पुनर्विलोकन (त्याच कोर्टाने आपला आदेश पुन्हा तपासणं) मागता येतं, आणि परिस्थिती बदलली तर शासनाकडे नव्याने अर्जही करता येतो. त्यासाठी कारागृहातल्या कामाचे आणि शिक्षणाचे दाखले आजपासून एका फाइलला लावून ठेवा.