मोजणीच्या नकाशावरील ‘रिकामी’ जागा

प्रश्न : मी भूदृश्यरचनेच्या (लँडस्केप आर्किटेक्चर) शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी असून प्रकल्पासाठी मुंबईतील एका कोळीवाड्यालगतची मोकळी जागा निवडली आहे. जुलैमध्ये पाहणी केली तेव्हा तेथे काही बांबू आणि एक उलटी ठेवलेली होडी यापलीकडे काही आढळले नाही. म्हणून नकाशावर ती ‘रिकामी’ दाखवून मी हिरवळ, सावलीची झाडे व बाके सुचवली. त्यावर ‘सांस्कृतिक भूदृश्याचा विचार कोठे आहे?’ असा शेरा मिळाला. ही संकल्पना वारसास्थळांपुरती नाही का? आराखड्यात तिचा नेमका उपयोग काय?
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : शेरा योग्य आहे, परंतु चूक आपल्या रेखाटनापेक्षा पाहणीच्या महिन्यात अधिक आहे. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि पावसात मासळी वाळवता येत नाही ते वेगळेच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जातात आणि पाऊस पुरता सरला की याच बांबूंवर दोऱ्या ताणून, जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील जोडीजोडीने टांगले जातात, खाली जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरला जातो आणि कडेला जाळी विणत माणसे बसतात. आपण पाहिलेली जागा रिकामी नव्हती, सुट्टीवर होती.

भूगोलज्ञ कार्ल साउअर यांनी १९२५ मध्ये मांडले, की संस्कृती ही कर्ती, निसर्ग हे तिचे माध्यम आणि सांस्कृतिक भूदृश्य हे त्यातून निपजलेले फलित, म्हणजे माणसांच्या वावराने व वापराने घडलेली जागा. पुढे १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने अशा भूदृश्यांचे तीन प्रकार मान्य केले : हेतुपूर्वक रचलेली, कालौघात घडत गेलेली आणि श्रद्धा वा स्मृतींमुळे अर्थ लाभलेली. ‘वारसास्थळांपुरती’ ही समजूत बहुधा येथूनच आली असावी, कारण आपल्याकडे ही विभागणी पाठ होते आणि मुंबईत ती लावून पाहायची राहून जाते. आरेच्या पाड्यांतील वारल्यांचा वाघदेव तिसऱ्या प्रकारात बसतो. मिठागरे आणि आपली वाळवणीची जागा दुसऱ्या प्रकारात, आणि वाळवणीची जागा तर अजून चालू असलेल्या भूदृश्यांत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी राखणारा बाणगंगेचा तलाव मात्र एका खान्यात मावत नाही : त्याच्या पायऱ्या रचलेल्या आहेत, रामाच्या बाणाची कथा त्याला चिकटलेली आहे आणि पितृपक्षातील विधी तेथे आजही होतात.

आता आपल्या आराखड्याकडे वळू. त्या जागेचे खरे भांडवल ऊन आणि वारा हे आहे. सावलीसाठी लावलेली झाडे, जी इतरत्र पुण्याची ठरतील, तेथे मासळी नासवतील. आणि हिरवळीवर जवळा पसरता येत नाही, त्याला कडक, स्वच्छ, पाणी न साचणारी जमीन लागते. झाडे हवीच असतील तर ती उत्तरेच्या कडेला घ्या, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्यांची सावली जागेबाहेर पडेल. शिवाय वारा अडू नये म्हणून दाट पर्णसंभाराच्या वृक्षांऐवजी माडासारखी उंच खोडाची झाडे, तीही विरळ, निवडा. बसण्याची सोय बायका जेथे आजच बसतात तेथे करा. होडी लागण्याच्या ठिकाणापासून जागेपर्यंत टोपली घेऊन येण्याची वाट प्रथम आखा आणि फिरायला येणाऱ्यांचा रस्ता तिला आडवा जाऊ देऊ नका. हे सर्व कळण्यासाठी मोजणीच्या नकाशाशेजारी बारा महिन्यांचा एक तक्ता लावा आणि त्यात कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोण तेथे काय करते हे तेथील लोकांना विचारून भरा. पाहणीसाठी नोव्हेंबरात पुन्हा जाणे अपरिहार्य आहे.

एक सूचना अवांतर वाटली तरी करतो : कुंपणभिंतीवर कोळणींची चित्रे रंगवून ‘संस्कृती’ दाखवण्याचा मोह टाळा. वाळवणीची जागा घालवून तिचे चित्र काढणे या शहरात फार सोपे झाले आहे.

प्रश्न : ओव्हल मैदानात ना उद्यान, ना बांधीव काही. मग भूदृश्यरचनेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : त्याच्या मोकळेपणातच ते आहे. मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातील व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या इमारती आहेत, तर पश्चिमेला बॅकबेच्या समुद्रात घातलेल्या भरावावर उभी राहिलेली विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीची घरे. २०१८ मध्ये या दोन समूहांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. ती ‘सांस्कृतिक भूदृश्य’ या नावाखाली नाही. तरीही मैदानात झाडांची दाट रांग वा एखादा मंडप उभा केला, तर दोन्ही काळ एका नजरेत येणे थांबेल आणि क्रिकेटच्या खेळपट्ट्याही जातील.